थोड्या पाण्यात धुतलेला फोटो

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. हे ऐकून तुम्ही माझ्याकडे बघाल आणि विचाराल, "फोटो? कुणाचा?" तुमचे काही चुकत नाही. आज माझ्यावर काहीच दिसत नाही. एक जाड पुठ्ठा, त्यावर जागोजाग सोललेला पिवळा कागद आणि पाठीला धुळ्याच्या एका प्रदर्शनाचे लेबल, एवढाच मी उरलो आहे. पण एके काळी माझ्यावर एक चेहरा होता. तो नीट पाहिलेली माणसे साऱ्या जळगावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. तो चेहरा सांभाळायचा, एवढे एकच काम मला नेमून दिलेले होते.

माझा जन्म १९६५ सालच्या पावसाळ्यात, जळगावच्या दाणा बाजारामागच्या एका घरात झाला. घर मांगीलाल शेटजींचे. त्यांचे आजोबा राजस्थानातून इकडे आले आणि खानदेशच्या ज्वारी-तुरीत रमले. पुढे धान्याची आडत, मागे घर, मधे फरसबंदी चौक आणि चौकात विहीर. घरात जैन धर्माचे नियम कडक. शेटजींचा एकुलता एक मुलगा कन्हैयालाल दिवसभर आडतीवर बसायचा, पण त्याचे सारे लक्ष कॅमेऱ्यात असायचे. पाचोऱ्याला एका लग्नात धुळ्याच्या सुकदेव नावाच्या फोटोग्राफरशी त्याची ओळख झाली आणि त्या ओळखीतून त्याला हा नाद लागला. धुळ्यात सुकदेवचा लहानसा स्टुडिओ होता. फोटो काढावा कसा, धुवावा कसा, मोठा करावा कसा, हे सगळे त्यानेच शिकवले.

कन्हैयालालने घरातल्या धान्याच्या खोलीत डार्करूम केली. खिडकीला बारदान ठोकले, दाराला घोंगडी लावली. त्याची आई धापूबाई हिची एकच अट होती. दिवा लावला की किडे येतात आणि मरतात, म्हणून सूर्य मावळल्यावर त्या खोलीत काम करायचे नाही. त्यामुळे आम्ही सगळे फोटो भर दुपारी, बाजार सुस्तावलेला असताना अंधारात जन्माला आलो. आमच्या घरात काळोखसुद्धा धर्माच्या वेळापत्रकाने चालायचा.

आता माझ्यावरच्या चेहऱ्याविषयी सांगतो. तो कन्हैयालालच्या बायकोचा, प्रेमकुंवरचा होता. ती यावलची. केळीच्या बागांमध्ये वाढलेली, मोकळी, हसरी मुलगी. पण सासरी आली आणि घुंघट हनुवटीपर्यंत आला. सासऱ्यांसमोर घुंघट, सासूसमोर घुंघट, घरात कोणी वडीलधारे आले की घुंघट. त्या घराचा रिवाजच तसा होता आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. लग्नात काढलेला फोटो बैठकीत लावलेला होता. त्यात कन्हैयालाल ताठ बसलेला आहे आणि शेजारच्या खुर्चीवर ओढणीचा एक ढीग आहे. त्या ढिगाला नमस्कार करून पाहुणे चहा प्यायचे.

त्या पावसाळ्यात बरेच दिवस झड लागली होती. एक दिवस उघडीप झाली, म्हणून प्रेमकुंवर ओलसर गोधड्या घेऊन गच्चीवर गेली. वर कोणी नाही हे पाहून तिने डोक्यावरचा पदर मागे टाकला. कन्हैयालाल तिच्या मागोमाग कॅमेरा घेऊन आला.

"प्रेम, इकडे बघ," तो म्हणाला.

तिने बघितले. उन्हामुळे तिचा एक डोळा किंचित बारीक झाला होता, हात कठड्यावरच्या गोधडीवर तसाच राहिला होता आणि हसू अर्धे आले होते, अर्धे यायचे होते. आपला चेहरा कोणी बघते आहे, याची तिला सवय नव्हती. त्यामुळे तो चेहरा कसा ठेवावा हेही तिला ठाऊक नव्हते. तो जसा होता तसा माझ्यावर आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाल दिव्याच्या उजेडात कन्हैयालालने मला औषधात बुडवले. कोऱ्या कागदावर आधी तिची भुवई आली, मग डोळे, मग ओठ. तो श्वास रोखून बघत होता. त्याने मला हायपोच्या ट्रेमध्ये टाकले. हायपो हे आमचे फार गुणी आणि फार घातकी औषध आहे. ते चित्र पक्के करते. पण काम झाल्यावर ते कागदातून पूर्ण धुऊन काढावे लागते, पुन्हा पुन्हा पाणी बदलून. थोडे जरी मागे राहिले तरी ते काही वर्षांनी तेच चित्र खायला लागते. आधी उजळ भाग पिवळे पडतात, मग विरतात.

तेवढ्यात दुकानातून हाक आली. बैलगाड्या लागल्या होत्या. कन्हैयालालने ट्रे चौकात आणून प्रेमकुंवरपुढे ठेवला. त्याचे फोटो धुण्याचे काम आता तीच करायची. आदल्या दिवशी माझी निगेटिव्हही तिनेच धुतली होती.

"तासभर तरी धू. पाणी बदलत राहा, हात आखडू नकोस," असे सांगून तो गेला.

विहीर काठोकाठ भरलेली होती. पाण्याला काही तोटा नव्हता. पण कन्हैयालालला एक गोष्ट माहीत नव्हती. चातुर्मास सुरू झाला त्या दिवशी धापूबाई सुनेला घेऊन जैन स्थानकात, साधू-साध्वींच्या मुक्कामाच्या जागी, गेल्या होत्या. तिथे साध्वींसमोर हात जोडून प्रेमकुंवरने नियम घेतला होता. पावसाळ्यात पाण्यात जीव जास्त असतात, म्हणून चातुर्मास संपेपर्यंत स्वयंपाक आणि पिणे सोडून बाकी कामांसाठी दिवसाला एकच घागर पाणी वापरायचे, तेही गाळून. घेतलेला नियम बोलून दाखवू नये, अशी तिची समजूत होती. म्हणून नवऱ्यालाही तिने सांगितले नव्हते.

तिने पाणी फडक्यातून गाळून माझ्यावर ओतले आणि मला हळूहळू हलवू लागली. स्वयंपाकघरातून धापूबाईंचा आवाज आला. त्यांच्या घरची बोली मारवाडी; ती तुम्हाला कळेल तेवढीच ठेवतो.

"इत्तो पाणी क्यूं ढोळै, बिंदणी? पाणी में जीव है."

बिंदणी म्हणजे सूनबाई, ढोळणे म्हणजे सांडणे. त्या रागाने बोलल्या नव्हत्या. जिवांची काळजी त्यांना खरोखरच वाटायची. मुंगीसाठी वाट सोडून चालणारी ती बाई होती. प्रेमकुंवरचा हात जागीच थांबला. तिने घागरीत डोकावून पाहिले. दिवसभराची इतर कामे त्यातच व्हायची होती. तिने एकदा पाणी बदलले, आणखी थोडा वेळ मला हलवले आणि बाहेर काढले.

माझ्या कडेवरून बोट फिरवत ती हळूच म्हणाली, "बस झालं ना रे तुला?"

मी कागद. मी काय बोलणार? माझ्या अंगात हायपो तसाच होता. आदल्या दिवशी निगेटिव्हचेही असेच झाले होते.

संध्याकाळी कन्हैयालालने विचारले, "नीट धुतलं ना?"

"धुतलं."

"पाणी बदललं?"

"बदललं," ती म्हणाली.

ती खोटे बोलली, असे मला आजही म्हणवत नाही. पाणी तिने बदलले होते, एकदा. एका बाजूला नवऱ्याचा कागद होता आणि दुसऱ्या बाजूला डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव होते. तिने जिवांना वाचवले. त्या कागदावर आपलेच तोंड आहे, याचा विचार तिच्या मनातही आला नसेल.

त्या हिवाळ्यात मी धुळ्याला गेलो. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस. सुकदेवने आणि त्याच्या हौशी मित्रांनी एका शाळेच्या सभागृहात छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले होते. नाशिक, पुणे, अगदी इंदूरहूनही फोटो आले होते. भिंतींना गोणपाट लावून त्यावर आम्हाला टांगले होते. कोणी तापीच्या वाळूतल्या होडीचा फोटो, कोणी सातपुड्यातल्या म्हाताऱ्याचा, कोणी जिनिंगमधल्या कापसाच्या डोंगराचा. त्या सगळ्यांत मी. माझ्याखाली एका चिठ्ठीवर लिहिले होते, ‘उघडीप’.

पुण्याहून आलेले परीक्षक माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग सुकदेवला म्हणाले, "ही बाई कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. ती माणसाकडे बघते आहे." मला पहिले बक्षीस मिळाले. मुंबईच्या एका कलादालनाचे गृहस्थ आले होते. त्यांनी कन्हैयालालला बाजूला घेऊन सांगितले, "हा फोटो आम्हाला पाठवा. आमच्याकडे मोठ्या भिंतीवर लागेल." तो नुसता मान हलवत राहिला.

मीही हुरळून गेलो होतो. माझे नशीब उघडले, असे मला वाटले. पण धुळ्यात त्यांच्याच समाजाची पुष्कळ घरे होती. यावलच्या ओळखीतले एक व्यापारी सहज प्रदर्शन बघायला आले. प्रेमकुंवरला त्यांनी लहानपणी केळीच्या बागेत खेळताना पाहिलेले होते. दुसऱ्याच दिवशी जळगावला निरोप गेला की, मांगीलालजींची सून धुळ्यात उघड्या तोंडाने भिंतीवर लावली आहे.

शेटजी एसटीने धुळ्याला आले. सभागृहात त्यांनी एक फेरी मारली, दुसरी मारली. बायकांचे फोटो पाच-सहा होते. ते एकेका फोटोपुढे थांबायचे आणि पुढे सरकायचे. माझ्यापुढेही थांबले आणि पुढे गेले. मला कळेना. मग लक्षात आले. त्यांनी आपल्या सुनेचे तोंड कधी पाहिलेच नव्हते. तीन वर्षे ती त्यांना ताट वाढत होती, आणि आता तिला शोधत ते भिंतीभिंतीने हिंडत होते. शेवटी ते पुन्हा माझ्यापाशी आले, वाकले आणि त्यांनी तिच्या हाताखालचा कठडा ओळखला. तो त्यांनी स्वतः उभे राहून बांधून घेतला होता.

ते सुकदेवला एवढेच म्हणाले, "हे काढा."

"शेटजी, इनाम भेटेल शे याले," सुकदेव म्हणाला. "बठ्ठा लोक नावाजी राह्यनात. दोन दिवस ऱ्हाऊ द्या." सगळे लोक नावाजत आहेत, दोन दिवस राहू द्या, असे तो आपल्या खानदेशी बोलीत विनवत होता.

"काढा," शेटजी म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी मला उपरण्यात गुंडाळले आणि परतीच्या गाडीत मांडीवर पालथे धरून बसले. वाटेत त्यांनी एकदा उपरणे थोडे बाजूला केले, मला बघितले आणि पुन्हा झाकले. त्यांच्या मनात काय आले, ते मला कधीच कळले नाही.

घरी भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर बरे झाले असते. शेटजींनी मला तसेच गुंडाळलेले धापूबाईंच्या हाती दिले, त्यांनी उघडूनही पाहिले नाही, आणि कन्हैयालालने आपण होऊन कॅमेरा माळ्यावर ठेवला. त्या दिवसानंतर त्या घरात फोटो निघाला नाही. मुंबईच्या गृहस्थांना मी कधी पोहोचलो नाही. मला ट्रंकेत टाकण्याआधी प्रेमकुंवर मला जेमतेम बघू शकली. कन्हैयालाल शेजारी उभा होता.

"लोक काय म्हणाले?" तिने विचारले.

"म्हणाले, फार छान आहे."

"फोटो का मी?"

"दोन्ही," तो म्हणाला.

"मग झालं," ती म्हणाली आणि हसली. या वेळी तिचे हसू पूर्ण आले होते. ते माझ्यावर नाही, याचे मला वाईट वाटले. मग ट्रंकेचे झाकण लागले.

त्या ट्रंकेत मी रजयांच्या खाली तीन वर्षांहून जास्त काळ होतो. वरून घरातले आवाज यायचे. एक दिवस बाळाचे रडणे ऐकू आले. मुलगी झाली होती. तिचे नाव सायर ठेवले. प्रेमकुंवर तिला यावलची मराठी गाणी म्हणायची. पुढे एका उन्हाळ्यात ती गाणी थांबली. काविळीचे निमित्त झाले आणि आठवडाभरात प्रेमकुंवर गेली. सायर तेव्हा अडीच वर्षांची होती.

सुतक संपल्यावर भरदुपारी ट्रंक उघडली. धापूबाईंनी स्वतः रजया उपसल्या आणि मला बाहेर काढले. चौकात उजेडाला नेऊन त्यांनी मला दोन्ही हातांत धरले. कन्हैयालाल ओट्यावर बसला होता. धापूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्या खाली बसल्या.

"इत्ती सुंदर ही," त्या म्हणाल्या. इतकी सुंदर होती. "सहा वरस म्हारै घर में रही. म्हैं मूंडो आज देख्यो."

कन्हैयालालने तोंड फिरवले. मित्रांनो, मला त्या वेळी धापूबाईंचा राग यायला हवा होता. नाही आला. सहा वर्षे एकाच चुलीपाशी बसूनही सुनेचे तोंड ती गेल्यावर बघायला मिळावे, यापेक्षा कोणी कोणाला आणखी काय शिक्षा देणार?

मला काच लावून बैठकीत टांगले. लग्नाचा फोटो काढून त्याच खिळ्याला. शेटजी रोज दुकानात जाताना माझ्यासमोर क्षणभर थांबायचे. जिच्यासाठी त्यांनी मला धुळ्याहून उतरवून आणले, तिला ते आता रोज बघायचे. आणि सायर तर माझी सावलीच झाली. शाळेत जाताना मला सांगून जायची, आल्यावर दिवसभराचे सारे सांगायची. पाटीवर चुकलेले गणितही ती मला दाखवायची. तिला आईची आठवण नव्हती. तिची आई म्हणजे मी. इतका मान मला कोणत्याही प्रदर्शनात मिळाला नाही.

पण माझ्या अंगातला हायपो जागा झाला होता. आधी कपाळावर पिवळी झाक आली. सगळ्यांना वाटले, काचेवर धूर बसला असेल. काच पुसली. झाक तशीच. प्रेमकुंवर उन्हात उभी होती, त्यामुळे तिचा चेहरा उजळ होता, आणि हायपो उजळ भागच आधी खातो. एका पावसाळ्यात डावा गाल विरला. पुढच्या उन्हाळ्यात ओठांची कड गेली. कठडा, गोधडी, मागची काळी भिंत, हे सारे ठणठणीत होते. जे ठेवायचे तेच जात होते आणि मला ते कळत होते. मला हात असते तर मी ते घट्ट धरून ठेवले असते. मित्रांनो, रोज थोडे थोडे विसरणे किती वाईट, ते मी सांगू शकणार नाही.

कन्हैयालालने माळ्यावरून निगेटिव्ह काढली. म्हणाला, नवीन फोटो करू. पण निगेटिव्हही तपकिरी डागांनी भरून गेली होती. चेहऱ्याच्या जागी नुसता धब्बा होता. मग तो मला घेऊन धुळ्याला सुकदेवकडे गेला. सुकदेवने मला खिडकीपाशी धरून पाहिले आणि कागदाचा कोपरा नाकाशी नेला.

"हायपो राही गया, भाऊ. धोवाले पानी कमी पडनं," तो म्हणाला.

"काही करता येईल का? तू रंगवतोस ना फोटो?"

सुकदेवने वर पाहिले. त्याच्या भिंतीवर त्याने रंगवलेले कितीतरी चेहरे हसत होते. "नाक-डोया मी काढी देसु," तो म्हणाला. "पन ते तोंड मन्हं व्हई, कन्हैयाभाऊ. तिन्हं नही व्हई. पोरगी त्यालेच माय म्हनी."

कन्हैयालालने मला पुन्हा गुंडाळले आणि दोघे बसस्टँडपर्यंत चालत गेले. ते तोंड त्याचे झाले असते, प्रेमकुंवरचे नाही; मला सुकदेवचे म्हणणे पटले. दुसऱ्याचा चेहरा अंगावर घेऊन सायरसमोर राहायला मलाही जमले नसते.

घरी आल्यावर धापूबाईंनी विचारले, "काई कह्यो?"

"पाणी कमी पडलं होतं, बाई," कन्हैयालाल म्हणाला. तो आईला बाई म्हणायचा. "धुताना पाणी कमी पडलं, म्हणून जातोय." आता यावर इलाज नाही, हे त्याने सांगितले नाही. ते शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत, एवढेच. पण तेच पुढे नडले.

धापूबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी चातुर्मासातला तो नियम, ती एक घागर आणि स्वयंपाकघरातून दिलेली हाक, सगळे सांगितले. "म्हैं ही कह्यो हो उणनै," त्या म्हणाल्या. मीच तिला म्हटले होते. कन्हैयालाल आईवर रागावला नाही. तो उठून माझ्याजवळ आला आणि काचेवर कपाळ टेकून उभा राहिला. "मला सांगायचं होतंस ना, प्रेम," एवढेच तो म्हणाला.

ते दुष्काळाचे वर्ष होते. १९७३ चा उन्हाळा. चौकातली विहीर तळाला गेली होती. टँकर यायचा तेव्हा गल्लीत झुंबड उडायची. घरात प्रत्येकाला पिण्याचे पाणी मोजके मिळायचे. त्यात धापूबाई आपल्या वाटणीचे पाणी पीत नाहीत, हे कोणाच्या लक्षात आले नाही. त्या ओठ ओले करायच्या आणि बाकीचे पाणी एका पितळी हंड्यात साठवायच्या. हंडा चौकात, उन्हात ठेवलेला असायचा.

चैत्रातल्या एका दुपारी शेटजी आणि कन्हैयालाल दुकानात होते, सायर शाळेत होती. धापूबाईंनी मला खिळ्यावरून उतरवले. चौकटीतून, काचेतून बाहेर काढले. माझ्या जन्माच्या दिवशी मी ज्या जागी होतो, तिथेच एका परातीत मला ठेवले. मग त्यांनी हंडा ओढला आणि तांब्याने माझ्यावर पाणी घालायला सुरुवात केली. फडक्याने गाळलेले, उन्हाने कोमट झालेले पाणी. एक तांब्या, मग दुसरा. जिने आयुष्यात एक थेंब वाया घालवला नाही, ती बाई भर दुष्काळात परात भरभरून ओतून देत होती आणि पुन्हा भरत होती.

"ले, बिंदणी," त्या म्हणत होत्या. "ले. जित्तो चाहीजै उत्तो ले." घे, सूनबाई, घे. हवे तेवढे पाणी घे.

त्यांना वाटत होते की तेव्हा कमी पडलेले पाणी आता घातले की चेहरा परत येईल. त्यांना कोणी सांगितले नव्हते की खाल्लेले चित्र पाण्याने परत येत नाही. आणि हेही सांगितले नव्हते की जुन्या, थकलेल्या फोटोचा वरचा थर कोमट पाण्यात भिजून मऊ होतो आणि कागद सोडतो. माझा थर सुटायला लागला. त्यांची नजर अधू झाली होती. मळ निघतो आहे, असे समजून त्या तळव्याने हलक्या हाताने चोळू लागल्या. त्यांच्या तळहाताखाली उरलेला एक गाल गेला, भुवई गेली, मग ते दोन डोळे गेले. मी ओरडू शकलो नाही. त्यांचा हात इतका मायेचा होता की मला दुखलेही नाही.

सायर शाळेतून आली तेव्हा धापूबाई ओला कागद मांडीवर घेऊन चौकात बसल्या होत्या. हंडा रिकामा होता. मुलीने माझ्याकडे बघितले, आजीकडे बघितले. तिने दप्तर खाली ठेवले.

"म्हैं धोयो, बेटा," आजी म्हणाली. मी धुतले. आणि मग त्या सत्तरीच्या बाईला रडू फुटले. "अब म्हनै भी याद कोनी आवै. कैसी ही थारी मां?"

आता त्यांनाही आठवेना. त्यांनी तो चेहरा फक्त माझ्यावरच पाहिला होता.

सायर आजीजवळ बसली. तिने फ्रॉकच्या टोकाने आजीचे ओले हात पुसले. दुकानातून कन्हैयालाल आत आला होता आणि दारात थांबला होता. मुलगी आजीला समजावत म्हणाली, "रडू नको, दादी. मला सगळं पाठ आहे. आई उन्हात उभी होती. एक डोळा बारीक होता. आणि हनुवटीवर इथं, इथं तीळ होता." तिने स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवले. मग बापाकडे बघून विचारले, "होता ना, बाबूजी?"

मित्रांनो, प्रेमकुंवरच्या हनुवटीवर तीळ नव्हता. फोटो काढला त्या दिवशी आडतीवरचा धुळीचा एक कण कॅमेऱ्यात शिरला होता आणि फिल्मवर चिकटून बसला होता. माझ्यावर त्याचा काळा ठिपका उमटला. ते तिचे काही नव्हते, ते माझे व्यंग होते. चेहऱ्यातले जे तिचे होते ते सगळे गेले, आणि जे तिचे नव्हतेच ते मुलीने जिवापाड जपले होते. ते तोंड जवळून पाहिलेला एकच माणूस त्या घरात होता. तो दारात उभा होता.

कन्हैयालाल दारातून पुढे आला आणि मुलीजवळ बसला. मग म्हणाला, "हो बेटा. होता."

तेव्हापासून त्या घरात प्रेमकुंवरच्या हनुवटीवर तीळ आहे. धापूबाई शेवटपर्यंत तिची आठवण काढताना त्या तिळाचे कौतुक करत राहिल्या. मला मात्र फेकून दिले नाही. वाळवून, पुठ्ठ्यासकट कपाटात ठेवले. सायर कधी कधी मला काढते आणि माझ्या कोऱ्या जागेवर नेमके तिथेच बोट ठेवते.

मित्रांनो, तुमच्याजवळ फोटो असतील तर ते भरपूर पाण्यात धुऊन घ्या, ओलीपासून जपा, कोरड्या जागी ठेवा. एवढे सांगणे माझे कर्तव्य आहे. पण मनापासून सांगायचे आहे ते वेगळेच. आमच्यावर फार भरवसा ठेवू नका. आम्ही कागद आहोत. तुमच्या घरात जे माणूस आज चालते-बोलते आहे, ताट वाढते आहे, त्याचे तोंड आजच नीट बघून घ्या. मी हे तुम्हाला सांगू शकतो. त्या तिळाचे खरे काय ते सायरला मात्र सांगू शकत नाही, आणि सांगता आले असते तरी सांगितले नसते.